पाकीट गावात पोहोचलं, पुढचं काय?

प्रति,
माननीय मंत्री,
ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



८ मार्च २०१८ रोजी आपल्या विभागाने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या इतर बायकांना २४ आणि २९ रुपयांत, आणि विक्री बचत गटांमार्फत, अशी ती आखणी होती. या योजनेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पाळी हा विषय शासन निर्णयात आला. दुकानातल्या चार पुरुषांसमोर खाली मान घालून, कागदात गुंडाळलेलं पाकीट घेऊन पळत सुटायची वेळ काही मुलींवरची तरी टळली. हे काम लहान नव्हतं.

हे पत्र त्याच्या पुढच्या पायरीसाठी आहे. मागणी सुरुवातीलाच सांगते. सरकारच्या पाळीविषयक योजनांमध्ये धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड आणि मासिक पाळीचा कप हे दोन पर्याय एकदा वापरून टाकायच्या पॅडच्या बरोबरीने ठेवा. आणि त्यांच्यासोबत पाणी, आडोसा आणि उन्हातली दोरी यांचाही खर्च त्याच योजनेत धरा.

आठ पॅडचा हिशेब आधी करू. पाळी चार-पाच दिवस चालते. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं असं आपल्याच आशाताई मुलींना शिकवतात. रात्र धरून दिवसाला चार लागली, तर महिन्याला सोळा ते वीस झाली. म्हणजे आठ पॅडचं पाकीट दोन दिवसांत संपतं. उरलेल्या दिवसांत ती मुलगी काय करते? एकतर तेच पॅड सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळपर्यंत ठेवते, नाहीतर आईच्या जुन्या साडीची घडी घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असं विचारलं, तेव्हा ६४ टक्क्यांनी सॅनिटरी पॅड सांगितलं आणि ५० टक्क्यांनी कापड. बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण त्यांतल्या पुष्कळ जणी दोन्ही वापरतात. शाळेत जाताना पॅड, घरी घडी. कप सांगणाऱ्या हजारात तीन निघाल्या.

याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे. ‘आरोग्यदायी साधन’ म्हणून त्यात पॅड धरलं जातं, स्थानिक बनावटीचं पॅड धरलं जातं, टॅम्पॉन आणि कप धरले जातात. कापड धरलं जात नाही. साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड वापरणारी मुलगी त्या तक्त्यात अनारोग्याच्या रकान्यात जाते, आणि एकच पॅड दहा तास ठेवणारी आरोग्याच्या. जिल्ह्याच्या बैठकीत अधिकाऱ्यांपुढे हाच आकडा येत असेल, तर तो वाढवण्याचा सोपा मार्ग पाकिटं वाटणं हाच उरतो. त्यांना मी दोष देत नाही. मोजमाप असं असेल तर काम तसंच होणार.

कापडामुळे त्रास झाला नाही असं मी मुळीच म्हणत नाही. मी कापड, पॅड आणि कप तिन्ही वापरलेली बाई आहे. मोरीत सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर, थंड पाण्यात, घाईघाईने धुतलेलं फडकं. ते परकराच्या आत दडवून वाळत घातलेलं, किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात, सरपणाच्या मागे. अर्धवट ओलं असतानाच पुन्हा घेतलेलं. त्यातून खाज, पुरळ, मांड्या सोलवटणं, जंतुसंसर्ग होणारच. पण त्या दुखण्याची कारणं नीट पाहिली तर ती पाण्याची टंचाई, कडी नसलेलं न्हाणीघर आणि उन्हात कपडा घालायची चोरी ही आहेत. ती कारणं दूर करणं अवघड होतं, पाकीट आणणं सोपं होतं. म्हणून पाकीट आलं आणि कारणं होती तिथेच राहिली.

आता त्या पाकिटाच्या पुढच्या प्रवासाकडे पाहा. पॅड म्हणजे लाकडाचा लगदा, ओल शोषून घेणारी रासायनिक भुकटी, वर आणि खाली प्लास्टिकचा थर. वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? शहरात निदान घंटागाडी येते. गावात बहुतेक ठिकाणी अशी रोजची गाडी नाही. मग ते उकिरड्यावर जातं आणि कुत्री ते ओढून रस्त्यावर आणतात. ओढ्यात जातं, पडक्या विहिरीत जातं, शाळेच्या संडासात जातं आणि तो संडास तुंबला की त्याला कुलूप लागतं. कुलूप लागलं की मुली पाळीच्या दिवसांत शाळेला येत नाहीत, आणि शाळेतली जी गळती थांबवायला योजना आणली ती तशीच राहते. काही शाळांना पॅड जाळायची छोटी यंत्रं मिळाली आहेत. असा कचरा नीट जळायला आठशे अंशांच्या वर उष्णता टिकून राहावी लागते. भिंतीवरच्या डब्याएवढ्या यंत्राकडून ती अपेक्षा धरता येत नाही. अर्धवट जळालेल्या प्लास्टिकचा धूर वर्गात येतो आणि राख कुणीतरी हाताने काढतं. त्यात वीज नसली की सगळंच ठप्प.

ते ‘कुणीतरी’ शहरात कोण असतं हे पुण्याने पाहिलं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांचं संघटन करते. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा उचलतात. उघडी, रक्ताने भरलेली पॅड ओल्या-सुक्या कचऱ्यातून हाताने वेगळी करायचं काम त्यांच्या वाट्याला येतं. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या. रद्दी कागदाच्या खास पिशव्याही त्यांनी बनवून विकल्या, म्हणजे निदान उघड्या हाताला ते लागू नये. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक पॅडसोबत ते गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पिशवीने हात वाचतो हे खरं, पण पॅड नष्ट होत नाही. आज जे पुण्याच्या कचरावेचक बाईचं दुखणं आहे, ते पाकिटं वाटणारी योजना जितकी यशस्वी होईल तितकं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारात येणार आहे.

‘विघटनशील’ पॅड हा उपाय कुणी आपल्यापुढे ठेवील. केंद्राच्या जनऔषधी दुकानांत २०१९ पासून एक रुपयाला मिळणारं ‘सुविधा’ पॅड ऑक्सो-बायोडिग्रेडेबल म्हणून दिलं जातं. एक रुपया ही किंमत मोलाची आहे, ती राहू द्या. मात्र ऑक्सो प्रकारचं प्लास्टिक विरून माती होतं असं मानू नका. त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे मागे राहतात. म्हणूनच युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली.

आता ज्यांनी वेगळी वाट धरली त्यांच्याकडे वळते. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने महापुराच्या पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, केंद्र सरकारच्याच एचएलएल लाइफकेअर या कंपनीबरोबर ‘तिंकळ’ हा उपक्रम घेतला आणि पाच हजार कप मोफत दिले. त्याच जिल्ह्यातल्या मुहम्मा पंचायतीने कापडी पॅड आणि कप यांच्या जोरावर प्लास्टिकची पॅड कमी करायचा संकल्प केला. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुळम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे गाव देशातली पहिली सॅनिटरी-नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं. ‘मुक्त’ हा शिक्का मला फारसा भावत नाही. एखाद्या बाईला पॅडच सोयीचं वाटत असेल तर तिने ते लपवून का वापरावं? पण तिथली पद्धत घेण्यासारखी आहे. कप हातात ठेवून ते निघून गेले नाहीत. आधी बायकांचं प्रशिक्षण, मग वाटप. कापडाच्या बाबतीत तमिळनाडूत ऑरोव्हिलमधली ‘इको फेम’ २०१० पासून बायकांकडून धुण्याजोगी पॅड शिवून घेते आणि शाळांत मुलींना देते.

कपाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण मंत्रालयात तो अजून अनेकांनी हातात धरून पाहिलेला नसेल. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची ती लहान, मऊ वाटी असते. घडी घालून योनीमार्गात बसवायची, आत ती उघडते आणि रक्त शोषून न घेता साठवते. आठ ते बारा तासांनी काढायची, ओतायची, धुवायची, परत बसवायची. पाळी संपली की पाच-सात मिनिटं पाण्यात उकळून कोरडी करून ठेवायची. नीट वापरली तर दहा वर्षांपर्यंत टिकते. तीन-चारशे रुपयांत चांगला कप मिळतो, म्हणजे महिन्याला सोळा पॅड बाजारभावाने घेणाऱ्या घरात तो काही महिन्यांतच फिटतो. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आणि ३,३१९ मुली-बायकांच्या अनुभवाचा एकत्र आढावा छापून आला. गळतीच्या बाबतीत कप पॅडच्या तोडीचा किंवा सरस ठरला. सवय व्हायला काही महिने लागतात, आणि सवय झालेल्या सुमारे ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता. हे ‘काही महिने’ महत्त्वाचे आहेत. पहिल्या पाळीत डाग पडतो, काढताना घाबरायला होतं, आत अडकला की काय असं वाटतं. अशा वेळी कुणाला विचारायला नसलं तर कप कपाटात जातो आणि योजना फसली असा अहवाल निघतो. आपल्या बायकांना उकिडवं बसायची सवय आहे, आणि कप घालायला-काढायला तीच बैठक सगळ्यांत सोयीची, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी पुष्कळ भीती जाते.

धोकेही सांगितले पाहिजेत. कपामुळे होणारा गंभीर विषबाधेचा विकार फार क्वचित आढळतो, पण तो ठाऊक असायला हवा: अचानक ताप, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढून लगेच दवाखाना गाठायचा. दुसरी गोष्ट आपल्या राज्यात जास्त लागू आहे. सरकारी दवाखान्यात तांबी बसवलेल्या बायका गावोगाव आहेत. कप नुसता ओढून काढला तर त्याच्या ओढीने तांबी सरकू शकते, म्हणून आधी बोटाने कप दाबून हवा सोडायची असते. तांबी बसवणारी नर्सबाई आणि कप देणारी आशाताई या दोघींना हे माहीत नसेल, तर वाटप करू नका.

आणि कौमार्याची भीती. आई मुलीला कप घेऊ देणार नाही, कारण लग्नात काय सांगायचं. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याच राज्यात कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींना पहिल्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध २०१८ साली उभं राहावं लागलं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘कौमार्याच्या खुणा’ हा भाग अभ्यासक्रमातून काढला, कारण त्याला वैज्ञानिक आधारच नाही. या ‘खुणा’ डॉक्टरांच्या अभ्यासातून गेल्या, ही गोष्ट आता गावातल्या आयांपर्यंत आपण न्यायला हवी. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहायला सुरुवात केली. त्या भाषेत अंगणवाडीच्या भिंतीवर चार ओळी लिहिता येणार नाहीत का? तरीही ज्या मुलीला आत काही घालायचं नसेल, तिचा नकार तिथेच संपला पाहिजे. तिच्यासाठी कापडी पॅड आहे, साधं पॅडही आहे.

मी एकच साधन न सुचवता पर्याय मागते, कारण महाराष्ट्राचं हवामान आणि जगणं एकसारखं नाही. कोकणात जुलैमध्ये टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे कापडी पॅडचा जाड संच मुलीला ओलाच घ्यावा लागेल. तिथे पातळ, उलगडून वाळवता येणारी घडीची पॅड हवीत किंवा कप. मराठवाड्यात ऊन भरपूर, पाणी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. जिथे टँकरच्या रांगेतून दोन हंडे मिळतात तिथे रोज चार पॅड धुवा असं सांगणं क्रूर होईल. कपाला पाणी कमी लागतं, हात धुण्यापुरतं आणि वाटी विसळण्यापुरतं, पण तेवढं स्वच्छ पाणी मात्र लागतंच.

इथे ऊसतोड कामगार बायकांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाट व्हायच्या आत फडात, दिवसभर तोडणी, डोक्यावर मोळ्या, रात्री गाडी भरायला पुन्हा हाक. राहायला पाचटाची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून. पाळीत पोट दुखतं म्हणून एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे उचलीतून पैसे कापले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ‘पिशवी काढली’ असं त्या सहज सांगतात. या शस्त्रक्रियांची कारणं अनेक आहेत, खासगी दवाखान्यांनी घातलेली भीतीही त्यात आहे, आणि कोणताही कप किंवा पॅड यावर इलाज नाही हे मला ठाऊक आहे. पण पाळी नकोशी व्हावी असं जगणं त्यांच्या वाट्याला आलं, हेही त्यातलंच एक कारण आहे. पहाटे चारपासून संध्याकाळपर्यंत बदलायला जागा नसलेल्या बाईला बारा तास टिकणारं साधन उपयोगाचं ठरेल, ज्या दिवशी तिच्या कोपीजवळ पाण्याची टाकी आणि कडी लागणारं तात्पुरतं न्हाणीघर असेल त्या दिवशी. ते उभं करायला कारखान्यांना भाग पाडणं हे सहकार आणि साखर खात्यांचं काम आहे असं म्हणून हा कागद तिकडे पाठवू नये, ही विनंती. त्या बायका वर्षाचे उरलेले महिने आपल्याच ग्रामपंचायतींत राहतात. गाड्या निघण्याआधी, त्या गावात असतानाच, त्यांना साधन आणि शिक्षण देता येईल.

एक धास्ती माझ्याही मनात आहे आणि ती आपल्यापुढे ठेवते. पुन्हा वापरायची साधनं दीर्घकाळात सरकारला स्वस्त पडतात. म्हणून उद्या कुणी असा आदेश काढेल की ग्रामीण मुलींना आता पॅड बंद, कापड घ्या. शहरातल्या मुलीने आवडीने कप निवडायचा आणि आश्रमशाळेतल्या मुलीवर कापड लादायचं, हे होता कामा नये. दहा पोरींमागे एक न्हाणीघर असलेल्या वसतिगृहात, जिथे धुतलेली पॅड सगळ्यांच्या नजरेसमोर वाळत घालावी लागतील, तिथे आधी न्हाणीघरं वाढवा. अपंग मुलींना, त्यांच्या आयांना काय जमतं हे त्यांनाच विचारा.

खरेदीविषयी एक सुचवते. ‘अस्मिता’त बचत गटांना विक्रीचं काम मिळालं, माल मात्र बाहेरून आला. कापडी पॅड शिवायला शिलाई मशीन, फ्लॅनेलचं सुती कापड, गळती अडवणारा एक पातळ थर आणि बटणं एवढंच लागतं. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांकडे मशीन आहेत, शिवणाऱ्या बायका आहेत. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ-वर्ध्याच्या गटांनी राज्यातल्या मुलींची पॅड शिवली, तर पैसा तिथेच फिरेल आणि फाटलं-उसवलं तर दुरुस्त करायलाही कुणी असेल. मापं, थर, शिवण यांचे दर्जे आधी ठरवून द्या, नाहीतर कंत्राटदार शर्टाच्या कापडाचे तुकडे पाठवतील.

पुढच्या आर्थिक वर्षात तीन तालुक्यांत सुरुवात करा: बीड जिल्ह्यातला एक, कोकणातला एक, गडचिरोलीतला एक. प्रत्येक मुलीसमोर पॅड, कापडी संच आणि कप तिन्ही ठेवा, निवड तिची. आशाताईंना आधी प्रशिक्षण द्या आणि या जास्तीच्या कामाचा मोबदला द्या, फुकटात त्यांच्या अंगावर टाकू नका. तीन पाळ्यांनंतर प्रत्येकीला पुन्हा भेटून विचारा. शाळेच्या संडासात पाणी आणि आतून कडी आहे का, दोरी उन्हात आहे का, हे त्याच कागदावर नोंदवा. आणि वर्ष संपल्यावर निकाल, चांगले-वाईट जसे असतील तसे, मराठीत जाहीर करा. पत्राचं उत्तर आलं तर आनंद होईल, पण त्याआधी या तीन तालुक्यांची नावं जाहीर झालेली वाचायला मला जास्त आवडेल.

आपली,
महाराष्ट्रातील एक नागरिक